गोंदेश्वराचा गाभारा आणि एल्यूसिसचे पुरोहित

नाशिकरोड सोडून पुण्याच्या दिशेने निघालेली एस.टी. चेहेडीजवळ दारणेचा पूल ओलांडते, पळसे-शिंद्याची बागायती शेते दोन्ही अंगांनी काही काळ सोबत करतात, आणि मोहदरीचा आखूड घाट चढून गेल्यावर हवेतला ओलावा एकाएकी उतरून समोर जो उघडा, कोरडा, वाऱ्याचा मुलूख पसरलेला दिसतो, तो सिन्नरचा. विड्या वळणाऱ्या हातांचे आणि अलीकडे कारखान्यांचे गाव म्हणून आज त्याची ओळख आहे. परंतु ज्या काळी देवगिरीला राजधानीचा मान मिळालेला नव्हता, त्या काळी यादवकुळाचे सिंहासन याच परिसरात होते. तिसऱ्या भिल्लमाच्या शके ९४८ च्या कळस-बुद्रुक ताम्रपटात ज्या सिंदीनगराचा निर्देश येतो, ते हेच सिन्नर. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीला आपले ठाणे नेले. राजदरबार गेला, दफ्तरे गेली, सेनासंभार गेला, आणि सिन्नरच्या वाट्याला राहिली ती देवळे. याच तालुक्यातील डुबेरे गावी, बर्व्यांच्या वाड्यात, १८ ऑगस्ट १७०० रोजी पहिल्या बाजीरावाचा जन्म झाला, हेही येथील माणूस पाहुण्याला अगत्याने सांगतो, आणि ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान उमटतो तो यथार्थच आहे.

मला मात्र सिन्नरला ओढून नेले ते पुरोहिताविषयीच्या एका प्रश्नाने. काही वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिंडत असता अथेन्सपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेले एल्यूसिसचे भग्न क्षेत्र मी पाहिले होते. प्राचीन जगातील अत्यंत प्रतिष्ठित असा गुह्य धर्मविधी त्या ठिकाणी सहस्राहून अधिक वर्षे अव्याहत चालला. देमेतर ही धान्याची देवता आणि पाताळात नेली गेलेली तिची कन्या पर्सेफनी यांच्या विरहाची आणि पुनर्भेटीची ती उपासना. तिची दीक्षा घेतलेल्या माणसाला मृत्यूचे भय उरत नाही, अशी त्या लोकांची दृढ श्रद्धा होती. आणि तरीही तेथील मंडपात रात्री नेमके काय घडत असे, हे लक्षावधी दीक्षितांपैकी एकानेही उघडपणे लिहून ठेवले नाही. ज्या पुरोहितांनी हे मौन इतकी शतके सांभाळले, त्यांचे कार्य तरी काय होते? ते उपदेशक होते, की पहारेकरी, की आणखी कोणी? या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथांत अर्धेमुर्धे सापडले होते. उरलेले उत्तर आपल्याच मुलखात, जेथे गाभारा अजून अंधारा आहे आणि गुरव अजून दिवा लावतो आहे, अशा जागी शोधावे, असे मनाने घेतले.

गोंदेश्वर गावाबाहेरच्या मोकळ्यावर उभा आहे. गोविंद नावाच्या यादव राजपुरुषाने तो बांधला अशी परंपरा असून त्यावरूनच गोविंदेश्वर, गोंदेश्वर ही नावे रूढ झाली असे सांगतात. प्राकाराच्या आत उंच जोत्यावर मध्यभागी शिवाचे मुख्य मंदिर, समोर नंदीचा मंडप, आणि चार कोपऱ्यांना विष्णू, गणेश, पार्वती व सूर्य यांची छोटी देवालये, असे हे शैव पंचायतन आहे. महाराष्ट्रात इतक्या साक्षेपाने रचलेली आणि इतकी समग्र टिकलेली यादवकालीन पंचायतने फार थोडी. शिखर भूमिज पद्धतीचे, म्हणजे मुख्य शिखराच्याच लहान लहान प्रतिकृती ओळीने एकावर एक चढवीत नेलेले, जोत्याभोवती गजथर, भिंतीवर देवता, सुरसुंदरी आणि पुराणकथांतील प्रसंग. येथला काळा पाषाण ऊन-पावसाने पुष्कळ झिजला आहे, कित्येक मूर्तींचे नाकडोळे पुसट झाले आहेत, तरी साऱ्या वास्तूचा तोल यत्किंचितही ढळलेला नाही. वायव्येकडे ऐश्वर नावाचे दुसरे एक छोटे देऊळ आहे. त्याचे शिखर गेले असले तरी आतील मकरतोरणाची कारागिरी पाहून माणूस थबकतो. परंतु माझे काम होते ते गोंदेश्वराच्या गाभाऱ्याशी.

बाहेरच्या लखलखीत उन्हातून सभामंडपात पाऊल टाकले की प्रकाश निम्मा होतो. नक्षीदार खांबांच्या ओळींतून अंतराळाकडे सरकावे तसा तो आणखी आटतो. आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी येऊन ठेपावे तो भर दुपारीदेखील समोर केवळ काळोख असतो. स्थपतीला गवाक्षे पाडणे काही अवघड नव्हते. मंडपाला त्याने तिन्ही बाजूंनी प्रवेश ठेवलेच आहेत. म्हणजे हा अंधार हेतुपुरस्सर रचलेला आहे. दर्शनाची तयारी डोळ्यांना करावयास लावण्यासाठी, आणि जे दिसावयाचे ते एका माणसाच्या हातातील दिव्याखेरीज दिसू नये यासाठी, शिल्पशास्त्राने केलेली ही योजना आहे. मी उंबऱ्यापाशी घुटमळत असता आत बेलाची पाने सारखी करीत बसलेल्या वृद्ध गुरवाने मान वर केली.

"या बाबा, पायरी जपून," ते म्हणाले, "आत उजेड नाही. जरा थांबा, नजर बसू द्या."

मी थांबलो. त्यांनी समईची वात सारखी केली, तेल घातले, वात पेटविली, आणि स्वतः भिंतीला लागून बाजूला सरकले, इतके की त्यांची सावलीदेखील पिंडीवर पडू नये. मग म्हणाले, "हं, आता बघा."

एवढेच. मंत्र नाही, माहात्म्य नाही, दक्षिणेचा उल्लेखही नाही. मागाहून बाहेरच्या कट्ट्यावर बसून बोलताना त्यांच्याकडून कळले ते असे, की पूजा भावाभावांत पाळीने वाटून घेतलेली आहे, ज्याची पाळी त्याने पहाटेचे स्नान, पाणी, बेल, दिवा आणि झाडलोट ही सांभाळावयाची; आणि लहानपणी वडिलांनी त्यांना शिकविले ते मुख्यतः हेच, की कोणत्या वेळी कोठे उभे राहावे आणि कोठे राहू नये. "बाकी काय शिकवायचं? देव काय आमच्या सांगण्यावर आहे का?" असे ते सहज बोलून गेले. त्या बोलण्याने माझ्या प्रश्नाची गाठ सैल होऊ लागली.

एल्यूसिसचा सर्वश्रेष्ठ पुरोहित हिएरोफांत म्हणून ओळखला जाई, आणि पवित्र वस्तू दाखविणे हेच त्याचे मुख्य कर्तव्य होते. हे पद एउमोल्पिद या एकाच कुळात चालत आलेले असे आणि एकदा मिळाले की आजन्म राही. दुसरे घराणे केरुकेस यांचे. विधीत मशाल धरणारा दादुखोस आणि पवित्र घोषणा करणारा भालदार हे त्या घराण्यातून येत. यांच्या जोडीला देमेतरची पुजारीण असे, आणि तिची प्रतिष्ठा कोणत्याही पुरुष अधिकाऱ्याहून उणी नव्हती. हिएरोफांत पदावर बसलेल्या माणसाचे जन्मनाम पुढील काळात उच्चारणेदेखील निषिद्ध मानले गेले. अधिकार स्वीकारला की व्यक्ती मागे पडावी आणि पद तेवढे उरावे, असा त्यातील आशय. आपल्याकडे संन्यास घेताना पूर्वाश्रमीचे नाव टाकावे लागते; तेथे पौरोहित्य स्वीकारतानाच ते टाकावे लागे.

सोहळा बोएद्रोमिओन महिन्यात, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, होई. आरंभी अथेन्समध्ये जाहीर घोषणा होत असे, की ज्याचे हात मनुष्यवधाने विटाळलेले नाहीत आणि ज्याला ग्रीक वाणी कळते त्याने यावे. स्त्रिया, परदेशस्थ, किंबहुना गुलामसुद्धा या दीक्षेला पात्र होते, ही गोष्ट त्या समाजाच्या उच्चनीचभावाच्या पार्श्वभूमीवर विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दीक्षार्थी समुद्रस्नान करीत, उपवास करीत, आणि मग अथेन्सपासून एल्यूसिसपर्यंतची वाट जयघोष करीत पायी चालत. प्रत्येकाला मार्ग दाखविणारा एकेक पूर्वदीक्षित सोबत असे. आषाढीच्या वारीत वाढलेल्या मराठी माणसाला ही यात्रा परकी वाटण्याचे कारण नाही. विधी सुरळीत पार पडावा म्हणून ग्रीक नगरराज्ये सुमारे ५५ दिवसांचा पवित्र तह पाळीत, म्हणजे चालू युद्धातदेखील यात्रेकरूंना अभय असे. रात्री तेलेस्तेरिओन नामक खांबांच्या विशाल चौरस मंडपात, जेथे सुमारे तीन हजार माणसे पायऱ्यांवर बसू शकत, अंधारात काही विधी होत, काही उच्चारले जाई, आणि अखेरीस मध्यवर्ती छोट्या गर्भगृहाचे दार उघडून प्रखर प्रकाशात हिएरोफांत प्रकट होई. त्याने काय दाखविले? तिसऱ्या शतकातील हिप्पोलितस या ख्रिस्ती लेखकाने, अर्थात विरोधी भूमिकेवरून, असे लिहून ठेवले आहे की नि:शब्दपणे दाखविले जाणारे ते परमरहस्य म्हणजे धान्याचे एक कापलेले कणीस.

हे विधान खरे मानले तर आपल्या घटस्थापनेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ऋतू तोच. पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरावे, घट ठेवावा, नऊ रात्री दिवा अखंड तेवत ठेवावा, आणि दसऱ्याला ते पिवळसर कोंब उपटून देवाला वाहावेत, पागोट्यात किंवा टोपीत खोवावेत, हे सिन्नरच्या प्रत्येक शेतकरी घरात आजही होते, आणि बहुधा ते घरातील बाईच करते. दाण्याने मातीत जावे आणि हिरवे होऊन परत यावे ही घटना सर्वांच्या नित्य परिचयाची. मग ती दाखविण्यासाठी एल्यूसिसला पुरोहित कशास हवा होता? माझ्या मते येथेच त्या पदाचे मर्म आहे. ॲरिस्टॉटलचे एक मत उत्तरकालीन सिनेसिअसने नोंदवून ठेवले आहे: दीक्षितांनी काही शिकावयाचे नसते, त्यांनी अनुभवावयाचे असते आणि एका विशिष्ट अवस्थेत यावयाचे असते. पुरोहिताने नवी माहिती देण्याचा प्रश्नच नव्हता. उपवास, स्नान, चालणे, अंधार आणि प्रतीक्षा यांच्या द्वारा माणसाची नजर बसविणे, आणि ती बसल्यावर नेमक्या क्षणी जुनीच वस्तू तिच्यापुढे धरणे, हे त्याचे कर्तृत्व. गोंदेश्वराच्या गुरवाने चार शब्दांत मला हेच सांगितले होते.

मशालधारी दादुखोसाचा विचार करू लागलो तेव्हा मात्र मनात गोंधळ उभा राहिला. लग्नकार्यानंतर कुलदेवीच्या नावाने घालावयाचा गोंधळ या भागात अजून घरोघर होतो. गोंधळ्यांच्या रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा. वंशपरंपरेने चालत आलेला अधिकार. आणि तरीही नुसत्या जन्माने भागत नाही, कवड्यांची माळ गळ्यात घालण्याचा दीक्षाविधी व्हावा लागतो. रात्री चौक मांडतात, घट ठेवतात, उसाचा मंडप उभा करतात. संबळ आणि तुणतुणे यांच्या साथीवर गावोगावच्या देवतांना नावे घेऊन आवाहन होते. पुढे आख्यान रंगते. आणि या सर्व वेळात दिवटी विझू द्यावयाची नाही, तीवर बुधलीतून तेल पडत राहिले पाहिजे, हा दंडक. देवीची रात्र, हाती दिवटी, कुळाचा अधिकार आणि दीक्षेचे चिन्ह ही चारही अंगे एल्यूसिसच्या विधीशी इतकी मिळतीजुळती आहेत, की दोन्ही ठिकाणी मनुष्याच्या एकाच गरजेने सारखे रूप धारण केले असावे, असेच म्हणावे लागते. फरक आहे तो एकच, पण फार मोठा: गोंधळाला अंगणात कोणीही येऊन बसतो, आणि जे सांगावयाचे ते गोंधळी संबळाच्या कडकडाटात सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो.

जेथे वंशपरंपरेचा अधिकार आला, तेथे हक्क आणि हिशेबही आलेच. आपल्याकडे गुरव बलुतेदारांत मोडे. पिकाच्या राशीवर त्याचा वाटा, देवस्थानाच्या इनाम जमिनीची वहिवाट, सणावारी मानपान. आणि त्यावरून भाऊबंदांत तक्रार उपस्थित झाली की महजर, साक्षी, निवाडा. पेशवेकालीन दफ्तरांत अशा वतनी तंट्यांचे कागद विपुल आहेत. एल्यूसिसलाही हेच. इ. स. पू. पाचव्या शतकातील एका शिलालेखात दर दीक्षितामागे देवीच्या पुजारिणीस एक ओबोल मिळावा इत्यादी दर राज्याने ठरवून दिले आहेत. यात मला कमीपणा वाटत नाही. रोज दिवा लावणाऱ्याच्या तेलाची आणि भाकरीची तरतूद समाजाने केलीच पाहिजे. धोका उत्पन्न होतो तो पुरोहित आपल्या हक्कालाच देव मानू लागतो तेव्हा, किंवा राज्यकर्ते त्याला आपल्या कामी जुंपतात तेव्हा.

अशा प्रसंगाची एक कथा प्लुतार्कने सांगितली आहे, ती प्रत्येक पुजाऱ्याने ऐकावी अशी आहे. इ. स. पू. ४१५ मध्ये अथेन्सचा लोकप्रिय सेनानी अल्किबिआदिस याजवर असा आरोप आला, की त्याने मित्रमंडळींत बसून हिएरोफांताची सोंगे काढली आणि रहस्यविधीची विटंबना केली. त्याच्या गैरहजेरीत त्याला देहांताची शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि सर्व पुरोहितांनी व पुजारिणींनी त्याला जाहीर शाप द्यावा असा ठराव झाला. सर्वांनी निमूटपणे आज्ञा पाळली. एकट्या थिआनो नावाच्या पुजारिणीने नकार दिला. आपण प्रार्थनेसाठी पुजारीण झालो आहोत, शाप देण्यासाठी नव्हे, असे तिने स्पष्ट सांगितले. क्षुब्ध लोकमत, राज्याची आज्ञा आणि सहपुरोहितांचे अनुकरण ही तिन्ही दडपणे झुगारून आपल्या पदाची मर्यादा ओळखणारी ही स्त्री मला त्या साऱ्या परंपरेतील सर्वांत थोर व्यक्ती वाटते.

सिन्नरहून परतताना मी नाशिकच्या अलीकडच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांवर, मुद्दाम थांबलो. येथील सतराव्या लेण्याच्या ओवरीत एक ब्राह्मी लेख आहे. उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा रहिवासी, धर्मदेवाचा पुत्र, यवन इंद्राग्निदत्त याने आपल्या मातापित्यांच्या प्रीत्यर्थ हे लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची पोढी कोरवून, पुत्र धर्मरक्षित याच्यासह, भिक्षुसंघाला अर्पण केली, असे त्यात म्हटले आहे. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा; परंतु त्याचे, त्याच्या पित्याचे आणि पुत्राचे नाव पाहावे, तो किती पूर्णपणे या मातीचा झाला होता हे कळून येते. आणि उलट दिशेचाही दाखला उपलब्ध आहे. ऑगस्टस बादशहाकडे गेलेल्या एका हिंदी वकिलातीबरोबर भडोचकडील एक श्रमण होता. स्त्राबो आणि दिओ कासिउस या ग्रंथकारांनी त्याचे नाव थोड्याफार फरकाने दिले आहे. अथेन्समध्ये त्याने एल्यूसिसची दीक्षा घेतली, त्यासाठी बादशहाच्या खातर विधी अकाली करण्यात आला, आणि त्यानंतर त्या हिंदी साधूने स्वखुशीने अग्निप्रवेश केला, असे दिओ सांगतो. पैठण-तगरचा माल गाड्यांवर लादून ज्या भडोच बंदराकडे जात असे, तेथलाच हा माणूस. एका बाजूने ग्रीक येऊन नाशिकच्या डोंगरात भिक्षूंसाठी लेणे कोरतो, दुसऱ्या बाजूने भडोचचा श्रमण एल्यूसिसच्या मंडपात हिएरोफांतापुढे बसतो. दोन्ही ठिकाणच्या पुरोहितांनी परक्याला दार उघडले, ही त्यांच्या धर्माची खरी श्रीमंती होय.

तथापि दार उघडणे आणि आतले धन वाटून टाकणे यांत अंतर आहे. ते अंतर मला त्र्यंबकेश्वरी गेल्यावर स्पष्ट झाले. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने कुटुंबापासून दूर पडलेला बालक निवृत्ती एका गुहेत शिरला आणि तेथे गहिनीनाथांनी त्याला अनुग्रह दिला, अशी सांप्रदायिक कथा आहे. नाथपंथ हाही गुह्याचाच पंथ: कानात सांगितलेला मंत्र, एका शिष्याकडून दुसऱ्याकडे जाणारी विद्या, अनधिकाऱ्याला मज्जाव. आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी अशी उतरत आलेली ही ठेव निवृत्तिनाथांपाशी आली, आणि येथे तिचा प्रवास वळला. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना आज्ञा केली ती कलीने गांजलेल्या जीवांना या ठेवीने दिलासा देण्याची, आणि त्याच आज्ञेतून आपला ग्रंथ उभा राहिला, असे ज्ञानदेव ज्ञानेश्वरीच्या समारोपात सांगतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशाला तो ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा देवगिरीवर रामचंद्र राजा राज्य करीत होता; ज्या कुळाने सिन्नरला अंधाऱ्या गाभाऱ्याचे देऊळ उभारले, त्याच कुळाच्या अमदानीत गाभाऱ्यातील दिवा चौकात आणून ठेवण्यात आला. हिएरोफांताच्या पदावर बसलेल्या एका तरुण गुरूने, वयाने आपल्याहून लहान अशा भावाकरवी, गुह्य ते सर्वांच्या बोलीत प्रकट करविले. जगाच्या धर्मेतिहासात पुरोहितकर्माची याहून मोठी परिणती मला ठाऊक नाही.

याच काळात, याच भाषेत, दुसराही मार्ग अनुसरला गेला. चक्रधरस्वामींनी मराठीतून निरूपण केले, त्यांच्या अनुयायांनी अपूर्व असे गद्य निर्माण केले. परंतु पुढील पिढ्यांच्या महंतांनी ते ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. ग्रंथरक्षणाची त्यांची तळमळ शंकातीत आहे, आणि त्या दक्षतेमुळेच लीळाचरित्रासारखा ठेवा शाबूत राहिला, हे ऋणही मान्य केले पाहिजे; पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृती संशोधकांनी लिपीचे कुलूप उघडीपर्यंत इतर मराठी समाज आपल्याच भाषेतील त्या ऐश्वर्याला पारखा राहिला, हेही तितकेच खरे.

एल्यूसिसचे कुलूप तर कायमचेच बंद झाले. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसिउसने जुन्या उपासनांवर बंदी घातली, आणि अलारिकच्या गॉथ सैन्याने ग्रीस तुडविला त्यात ते क्षेत्र उद्ध्वस्त झाले. त्या सुमाराच्या एउनापिउस या लेखकाला एका हिएरोफांताने स्वतः दीक्षा दिली होती; तरी त्याचे नाव सांगण्याची आपल्याला मुभा नाही, असे तो लिहितो. आपल्यामागून येणारा पुरोहित अधिकृत कुळातला नसेल आणि त्याच्याच काळात देऊळ पडेल, असे भाकीत त्या वृद्ध हिएरोफांताने केले होते म्हणे. पुरोहित गेले, आणि त्यांच्याबरोबर सारी गुह्यविद्या गेली. कारण ती दोन घराण्यांच्या आणि एका इमारतीच्या बाहेर कधी ठेवलेलीच नव्हती. मात्र एक गोष्ट उरली. १८०१ मध्ये क्लार्क नावाचा इंग्रज प्रवासी तेथील एक भग्न शिल्प केंब्रिजला नेण्यासाठी आला, तेव्हा गावकरी त्या मूर्तीला आपल्या शेतांची राखणकर्ती समजून तिच्याभोवती शेणखताचे ढीग घालीत होते, आणि ती गेली तर पीक बुडेल म्हणून कळवळत होते, असे त्यानेच नमूद केले आहे. आजही त्या अवशेषांच्या वरच्या टेकडीवर मरियमेचे छोटे देऊळ आहे. नोव्हेंबरात, पेरणीच्या मध्यास, बायका तेथे निरनिराळी धान्ये शिजवून आणतात आणि प्रसाद म्हणून वाटतात. हिएरोफांताने दडवून दाखविलेले कणीस विस्मृतीत गेले. बायकांनी उघड्यावर वाटलेले दाणे सोळा शतके ओलांडून पुढे आले.

म्हणून सिन्नरच्या वाटेवर सुरू झालेल्या माझ्या प्रश्नाचे उत्तर मी असे मांडतो. पुरोहिताच्या पदाची तीन कर्तव्ये आहेत: राखणे, दाखविणे आणि सोपविणे. एल्यूसिसच्या पुरोहितांनी पहिली दोन इतक्या निष्ठेने पार पाडली की त्यांच्यापुढे नम्र व्हावे. तिसऱ्याकडे त्यांनी पाठ फिरविली, आणि त्यांच्या धर्माला त्याची संपूर्ण किंमत मोजावी लागली. आपल्या गुरवाने राखावे, समई पेटवावी आणि बाजूला सरकावे. गोंधळ्याने दिवटी तेवती ठेवून कथा मोठ्याने सांगावी. आणि गुरूने, वेळ आली म्हणजे, निवृत्तिनाथांप्रमाणे आपली ठेव लोकांच्या हाती द्यावी. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी सिन्नर तालुक्यातूनच पंढरपूरकडे जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्या शेतकऱ्याला, विडी कामगार बाईला, शाळकरी पोराला कोणी कुळ विचारीत नाही की मौनाची शपथ घालीत नाही, आणि तरीही जे एकेकाळी गुहेत एका कानात सांगितले गेले होते ते त्यांच्या मुखी असते. ज्या धर्माचे गुह्य असे हजारो कंठांत वसते, त्याला राजाची बंदी संपवू शकत नाही आणि परचक्रही संपवू शकत नाही. आजच्या पुजाऱ्यांनी, महंतांनी, आणि ज्ञानाची कोणतीही किल्ली हाती असलेल्या प्रत्येकाने, मग तो शाळेतला शिक्षक असो की संशोधनाच्या दफ्तरखान्याचा अधिकारी, आपल्या पदाची पारख याच कसोटीवर करावी: माझ्यामागून हे कोणाकोणाला येईल? या प्रश्नाला जितकी अधिक नावे उत्तरादाखल देता येतील, तितके त्याचे पौरोहित्य सफल झाले असे समजावे.